तेल नको, हवा हवी : एका जुन्या टर्नटेबलने शिकवलेला सर्व्हिस धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी आपल्याच बॅचच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. व्हिडिओत वेळ कमी पडला आणि तांत्रिक भाग बराच राहून गेला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. टर्नटेबल दुरुस्त करायचं नसलं तरी हे तुमच्या कामाचं आहे.

हा मुलगा चिंचवडचा. धंदा एसी सर्व्हिसिंगचा. मार्च ते मे फोन खाली ठेवायला फुरसत नाही, आणि जून उजाडला की फोन वाजतच नाही. पावसाळ्याचे चार महिने काय करायचं, हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला होता. मी त्याला एवढंच म्हटलं, "तुझ्या हातात आधीच कुठलं कौशल्य आहे ते आधी लिही." त्याने लिहिलं: कॉम्प्रेसर, प्रेशर, लीकेज, व्हॅक्युम. बस्स.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन. "सर, प्रभात रोडला एक काका आहेत. त्यांच्या एसीचं काम केलं. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि त्याला कॉम्प्रेसर लागतो म्हणे! ते विचारतायत, तू बघतोस का? काय करू?"

हे यंत्र आहे तरी काय?

साध्या टर्नटेबलमध्ये रेकॉर्ड ठेवायची जड थाळी (प्लॅटर) एका दांड्यावर फिरते. दांडा आणि बुश यांच्यात तेल असतं. एअर-बेअरिंगमध्ये तेलाच्या जागी हवा असते. खालून बारीक छिद्रांतून दाबाची हवा येते, थाळी केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर वर उचलली जाते आणि त्या हवेच्या थरावर फिरते. धातूला धातू लागतच नाही. त्यामुळे घर्षण जवळपास नाही आणि बेअरिंगचा आवाजही नाही.

काही यंत्रांत सुई धरणारा हात, म्हणजे टोनआर्मसुद्धा हवेवरच तरंगतो. साधा टोनआर्म एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे सुई रेकॉर्डवरून कमानीत सरकते. पण मूळ रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत कापत गेलेलं असतं. हवेवरचा हात रुळावरच्या डब्यासारखा सरळ आत सरकतो, म्हणजे जसं कापलं तसंच वाजवतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या एमिनेंट टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीचा, ब्रूस थिगपेन यांनी बनवलेला ईटी-२ हा असाच हात. मेपलनॉल या अमेरिकन कंपनीने थाळी आणि हात दोन्ही हवेवर तरंगवले. जपानच्या मायक्रो सेकीनेही हवेवरची जड थाळी बनवली. ही सगळी मंडळी प्रामुख्याने १९८० च्या दशकातली.

लक्षात घ्या, यातले बरेच जण मोठे कारखानदार नव्हते. चार माणसांच्या वर्कशॉपात बसून त्यांनी जगभरच्या शौकिनांना माल विकला. पण छोट्या कंपनीचं यंत्र घेतलं की चाळीस वर्षांनी सर्व्हिस सेंटर शोधूनही सापडत नाही. आपल्या मुलाला संधी मिळाली ती तिथेच. भीतीही तिथेच होती.

नुकसान झालं तर भरून देता येईल का?

काका निवृत्त इंजिनिअर. अमेरिकेत नोकरी केली, परतताना हे यंत्र बरोबर आणलं. किंमत विचारल्यावर ते म्हणाले, "बाळा, किमतीचं सोड. हे पुन्हा मिळणार नाही."

धंद्यातला सगळ्यात अवघड ग्राहक हाच. भाव पाडणाऱ्याशी आपण बोलून निभावतो. पण ज्याची वस्तू बिघडली तर आपण भरूनच देऊ शकत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एक, आधी फक्त तपासणी कर आणि त्याचे पैसे घे. दोन, हात लावायच्या आधी फोटो काढ, प्रत्येक बाजूने, आणि ते लगेच काकांना पाठव. तीन, तू काय करणार आणि काय करणार नाहीस, ते मराठीत कागदावर लिहून सही घे. त्याने तपासणीचे १,००० रुपये सांगितले. काका लगेच हो म्हणाले.

तपासणी : स्क्रू ड्रायव्हर खिशात, डोळे उघडे

आता नीट वाचा, कारण बहुतेक मेकॅनिक इथेच चुकतात. बेअरिंग जड फिरतंय म्हटलं की आपला हात आपोआप तेलाच्या डबीकडे जातो. या यंत्रात तेल म्हणजे विष. थाळी आणि तळ यांच्यातली फट इतकी कमी की तेल आणि धूळ मिळून तिथे खळ तयार होते, आणि ज्या छिद्रांतून हवा यायची ती बुजतात.

काकांच्या यंत्रात नेमकं हेच झालं होतं. आधी कुणीतरी येऊन तेल सोडून गेला होता. थाळी उचलल्यावर तळावर तपकिरी चिकट थर, आणि एका जागी बोटभर लांबीची ओरखड्याची रेघ. मुलाने ती रेघ बघितली, हात मागे घेतला, फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून दुसरा काढला आणि दोन्ही काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. वेळ होती सकाळी ११ वाजून १० मिनिटं. ही वेळ पुढे कामाला येणार आहे.

कॉम्प्रेसर मूळचा अमेरिकन, ६० हर्ट्झचा. टाकीचा ड्रेन उघडला तर गंजाचं पाणी आलं. पुण्याचा पावसाळा! दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, हे एसीवाल्याला शिकवायला लागत नाही. नळ्या कडक होऊन तडकलेल्या.

काम : हवा स्वच्छ, कोरडी, शांत

त्याने ८ तासांचा अंदाज दिला, तासाला ५०० रुपये, म्हणजे ४,००० रुपये मजुरी. सामान काकांनी थेट स्वतःच्या नावावर घ्यायचं. ही सवय लावून घ्या. महागड्या सामानात आपलं भांडवल अडकत नाही आणि कमिशनचा संशयही राहत नाही.

१. कॉम्प्रेसर. जुना बाजूला काढला. त्याजागी दातांच्या दवाखान्यात असतो तसला ऑइल-फ्री कॉम्प्रेसर आणला. आवाज कमी, आणि हवेत तेल नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवला.

२. टाकी. पंपाची हवा धक्क्या-धक्क्याने येते. तो धक्का थेट बेअरिंगला गेला तर सुईला जाणवतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. म्हणून मध्ये टाकी हवीच. टाकी धातूची आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली घ्यायची. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपची टाकी करायचा मोह होतो. करू नका. दाबाच्या हवेखाली पीव्हीसी फुटलं तर त्याचे तुकडे उडतात.

३. फिल्टर. पुण्या-चिंचवडच्या कुठल्याही न्यूमॅटिकच्या दुकानात एफआरएल मिळतं : फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर. इथे फक्त एफ आणि आर घ्यायचं. एल लावलं की पुन्हा तेल आत. पाणी धरणारा फिल्टर आधी, बारीक कण आणि तेलाची वाफ धरणारा त्याच्यानंतर.

४. दाब. यंत्रागणिक वेगळा. काही दोन-तीन पीएसआयवर चालतात, काहींना कितीतरी जास्त लागतो. काकांनी मूळ माहितीपुस्तिका जपून ठेवली होती, तिच्यात आकडा होता. "जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं" हे इथे चालत नाही. गरजेपेक्षा जास्त हवा दिली की काही बेअरिंगं थरथरायला लागतात.

५. नळ्या. सगळ्या नव्या पीयू नळ्या, पुश फिटिंग. साबणाच्या पाण्याने लीकेज तपासलं, पण फक्त बाहेरच्या जोडांवर. बेअरिंगजवळ साबण न्यायचा नाही.

६. सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पुसायचं, कापड बदलायचं, पुन्हा पुसायचं. छिद्रांत सुई किंवा तार अजिबात घालायची नाही. छिद्र जरा मोठं झालं तरी तिथून हवा जास्त जाते आणि थाळी एका बाजूला कलते. अल्कोहोल सोडायचं, मळ मऊ होऊ द्यायचा आणि मग स्वच्छ कोरडी हवा. छिद्रं मोकळी व्हायलाच त्याचा दीड दिवस गेला. पॉलिश पेपरला हातही लावला नाही.

आणि ती रेघ? रेघ खोल असली तर थोडी हवा खाते, पण थाळी चालते. घातक असतो तो रेघेच्या कडेला वर आलेला धातू. त्याने नख फिरवून बघितलं, भिंगातून बघितलं. वर आलेलं काही नव्हतं. म्हणून रेघ तशीच ठेवली. मित्रांनो, न केलेलं काम हेसुद्धा कौशल्य असतं. तेही जॉब कार्डवर लिहायचं असतं.

रात्री आलेला फोन

दुसऱ्या दिवशी रात्री काकांच्या मुलाचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. त्याला रेघ दिसली होती. "हे आधी नव्हतं. तुम्ही उघडल्यावर झालंय."

हा मुलगा मला नंतर म्हणाला, "सर, पोटात गोळा आला. चार हजारांच्या कामात माझी गाडी विकायची वेळ येते की काय असं वाटलं."

तो भांडला नाही. शांतपणे म्हणाला, "दादा, काकांच्या फोनमध्ये कालचा ११ वाजून १० मिनिटांचा फोटो आहे. थाळी उचलल्यानंतरचा पहिलाच. तेलाचा थर अजून रेघेवर आहे, बघा." मुलाने बघितलं. थराखालून रेघ दिसत होती, म्हणजे रेघ आधीची. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग तिकडून आवाज आला, "सॉरी. पुढचं काम करा."

तुमच्या धंद्याचा विमा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. फुकट आहे. तरी आपण काढत नाही.

सुरू-बंद करायचा क्रम

काम झाल्यावर त्याने एक कागद लॅमिनेट करून यंत्राच्या शेजारी लावला :

सुरू करताना : आधी हवा. काटा ठरलेल्या दाबावर स्थिर होऊ द्या. मगच मोटर.
बंद करताना : आधी सुई उचला. मग मोटर. थाळी पूर्ण थांबू द्या. सगळ्यात शेवटी हवा.
हवा नसताना थाळी किंवा हात हाताने फिरवू नका.
टाकीचं पाणी पावसाळ्यात रोज काढा.

चालू स्थितीत लाइट गेली तर? कॉम्प्रेसर आणि मोटर दोन्ही थांबतात, पण जड थाळी फिरतच राहते. टाकीत हवा साठलेली असेल तर थाळी थांबेपर्यंत ती पुरते. टाकी हवीच म्हणायचं हे दुसरं कारण.

थाळी खरंच तरंगते का?

डोळ्याने कळत नाही. त्याने ओळखीच्या टूलरूममधून डायल गेज आणला. एक रेषा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. थाळीच्या कडेवर तीन ठिकाणी टेकवून, हवा बंद आणि चालू करून काटा किती हलतो ते लिहिलं. तिन्हीकडे जवळपास सारखं आलं, म्हणजे थाळी सरळ उचलली जातेय.

मग लेव्हल. हार्डवेअरच्या दुकानातली बुडबुड्याची पट्टी इथे पुरत नाही, टूलरूममधली प्रिसिजन लेव्हल लागते. आधी थाळी लेव्हल करायची, मग हात. हाताची खरी परीक्षा सोपी आहे. हवा चालू, सुई वर, आणि हात मधोमध सोडून द्यायचा. तो ज्या बाजूला आपोआप सरकतो, ती बाजू खाली. हात सोडल्या जागी उभा राहील तोवर पाय फिरवत राहायचं. त्याला इथे तीन तास लागले, कारण लेव्हल बरोबर असूनही हात बाहेर सरकत होता. दोष निघाला हातातून जाणाऱ्या बारीक तारांचा. त्या वळल्या होत्या आणि हाताला ओढत होत्या. घर्षणच नसलं की केसाएवढ्या तारेचीही ओढ जाणवते.

"सा खाली आलाय!"

सगळं जमलं. काकांनी शास्त्रीय गायनाची एलपी लावली. तंबोरे सुरू झाले आणि काकांनी मान हलवली. "सा खाली आलाय रे."

मुलगा भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्याने फोनवरच्या पेटीवर सूर लावून बघितला. काळी एकला असणारा सूर काळी पाचला आला होता. नुसता उतरलेला नाही, मोजून उतरलेला. षड्जाच्या जागी मंद्रातला शुद्ध धैवत!

कारण गणितात आहे. मोटर सिंक्रोनस, म्हणजे तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. मिनिटाला ३३.३३ फेऱ्यांच्या जागी २७.८ होतात. आधीच्या माणसाने "मोटर कमजोर झालीय" म्हणून सांगितलं होतं. मोटर ठणठणीत होती.

उपाय दोन. एक, ६० हर्ट्झ तयार करून देणारा वेगळा पुरवठा. दोन, मोटरची पुली १.२ पट व्यासाची करणे, म्हणजे २० मिलिमीटरची असेल तर साधारण २४. दुसरा उपाय स्वस्त. लेथवाल्याकडून पुली करून घेतली, आणि ५० हर्ट्झवर मोटर गरम होत नाही ना, हे दोन तास चालवून बघितलं. बेल्टच्या जाडीचा थोडा फरक पडतो, म्हणून पुली आधी किंचित मोठी ठेवून मग उतरवत आणली.

वेग तपासायची स्ट्रोब चकतीही काकांनी अमेरिकेतूनच आणलेली. तिच्यावर ३३ १/३ साठी २१६ रेषा, ६० हर्ट्झच्या उजेडासाठी. आपल्या ५० हर्ट्झला १८० रेषांची चकती लागते. चुकीची चकती वापरली असती तर बरोबर वेगही चूक दिसला असता. आणि बघताना चोकवाली जुनी ट्यूब किंवा निऑनचा इंडिकेटर घ्या. बऱ्याच एलईडी दिव्यांत तशी लुकलुक नसते.

हे पुलीचं काम मूळ अंदाजात नव्हतं. त्याने ते गुपचूप केलं नाही आणि फुकटही केलं नाही. मेसेज केला : "वेगाचं काम वेगळं, मजुरी १,५०० रुपये. करू का?" उत्तर आलं : "कर."

शेवटी सुई. सरळ हातात सुईचं टोक थाळीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवरच सरकलं पाहिजे. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला आणि आतल्या कडेला, दोन्हीकडे तपासायचं. मग काट्यावर सुईचा भार, कार्ट्रिजवाल्याने सांगितलेल्या आकड्यात. समोरून बघून सुई उभी आहे ना, डावी-उजवीकडे कलली नाही ना, ते बघायचं.

पुन्हा तीच एलपी. या वेळी काका काही बोलले नाहीत. एक बाजू संपेपर्यंत कुणीच बोललं नाही. सुई उचलल्यावर ते आत गेले आणि चहा सांगून आले.

आता हिशोब, कारण आपण धंदा शिकतोय

तपासणी १,०००, मजुरी ४,०००, वेगाचं काम १,५००. एकूण ६,५०० रुपये. वेळ किती गेला? १९ तास. तासाला ३४२ रुपये. ठरवलेल्या ५०० पेक्षा कमी. तोटा झाला का?

मी म्हणतो, पहिल्या कामातले जादा तास ही फी समजा, पण वहीत लिहा. तारांत अडकलेले तीन तास पुढच्या वेळी दहा मिनिटं होतील. छिद्रांचा दीड दिवस मात्र तेवढाच राहील, म्हणून पुढचा अंदाज ८ तासांचा देऊ नका. लिहिलंच नाहीत तर पुढच्या वेळीही ८ सांगाल आणि पुन्हा १९ लागतील.

काकांनी वर्षाचा करार मागितला. त्याने बेअरिंगची हमी घेतली नाही. फिल्टर, ड्रेन, नळ्या आणि लेव्हल, वर्षातून दोन भेटी, एवढंच लिहून घेतलं. आपल्या ताब्यात जे आहे त्याचीच हमी द्यावी.

आणि खरं सांगतो, "एअर-बेअरिंग टर्नटेबल स्पेशालिस्ट" असा बोर्ड लावू नका. अशी यंत्रं तुमच्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. त्याने काय केलं? काकांच्या मित्रांकडे साधी टर्नटेबलं होती. बेल्ट, सुई, लेव्हल, वेग, अशी दोन-दोन तासांची कामं. शिवाय कॉम्प्रेसर आणला त्या दुकानातून दोन डेंटिस्ट जोडले गेले. त्यांनाही कोरडी, बिनतेलाची हवा हवी असते आणि पावसाळ्यात त्यांच्याही टाकीत पाणी येतं. दुर्मिळ कामाने नाव झालं, पोट साध्या कामांवर भरतं.

तुमचा गृहपाठ

आज रात्री वहीत तीन ओळी लिहा :

१. माझ्या हातातलं कोणतं कौशल्य दुसऱ्या कुठल्या यंत्राला लागू पडतं?
२. माझ्या धंद्यातलं "तेल" कोणतं, म्हणजे सवयीने करतो पण इथे घातक ठरेल असं?
३. उद्याच्या कामाचा पहिला फोटो मी किती वाजता काढणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढायच्या आधी.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम चोख, हिशोब रोख!